विमानाच्या पंखाची स्ट्रेंग्थ टेस्ट आणि टाइप सर्टिफिकेट: फाइल नेमकी कुठे अडते

नवीन प्रवासी विमानाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या डिझाइनला सरकारी मंजुरी, हवं असेल तर पंखाची ताकद सिद्ध करावी लागते. अमेरिकेत एफएएकडे (तिथली विमान नियामक संस्था) कुणालाही अर्ज करता येतो, युरोपात मात्र ईएएसएची (युरोपची विमान सुरक्षा संस्था) डिझाइन ऑर्गनायझेशन, म्हणजे डिझाइन करणारी कंपनी, म्हणून मान्यता लागते, ती नसेल तर पहिलं काम तेच.

मुदत पाच वर्षांची, आणि इथेच घोळ होतो. पाच वर्षांत टेस्ट उरकली की झालं असं वाटतं, पण मोजतात ते अर्जाच्या तारखेपासून सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत. मुदत हुकली तर नवा अर्ज नाहीतर मुदतवाढ, आणि दोन्हीकडे नंतरच्या तारखेचे नियम लागतात, मग मधे काही बदललं असेल तर झालेलं काम पुन्हा तपासत बसा.

टेस्टमध्ये जॅकने पंख वर ओढतात. सेवेत जास्तीत जास्त जो भार येईल तो लिमिट लोड, तिथे पंखाला कायमचा घातक बाक राहता कामा नये. त्याच्या दीडपट अल्टिमेट लोड, तो किमान ३ सेकंद पेलायचा. पंख मोडून दाखवलाच पाहिजे असं नियमात कुठेही नाही! बोइंगने १९९५ मध्ये ७७७ चा पंख मोडेपर्यंत नेला, तो लिमिट लोडच्या १५४ टक्क्यांना गेला, पण २०१० मध्ये ७८७ चा १५० टक्क्यांवर नेऊन थांबवला आणि तेही चाललं.

कमी पडलं तर? फेब्रुवारी २००६ मध्ये तुलूझला एअरबस ए३८० चा पंख लिमिट लोडच्या १.४५ पटीच्या आसपास मोडला. एअरबसने तेवढा भाग मजबूत करून हिशोबाने सिद्ध केलं, डिसेंबरात सर्टिफिकेट मिळालं. पण हे बघून नुसती कॅल्क्युलेशन्स पाठवू नका, तशा रचनेसाठी ती पद्धत भरवशाची आहे हे अनुभवाने सिद्ध झालेलं असेल तरच मान्य होतात.

आता तो कागद, जो ऐनवेळी कुणाकडेच तयार नसतो: स्टेटमेंट ऑफ कन्फॉर्मिटी. म्हणजे रिगवरचा (टेस्टच्या सांगाड्यावर बसवलेला) पंख मंजूर ड्रॉइंगप्रमाणेच बनलाय याची लेखी हमी. शॉपमध्ये एखादं भोक मोठं झालं आणि जाडा फास्टनर (बोल्ट किंवा रिव्हेट) बसवला, तर त्याची नोंद आणि त्याने निकालात काय फरक पडतो याचा खुलासा हवाच. आधी टेस्ट प्लॅनला मंजुरी, मग कन्फॉर्मिटी तपासणी, मग टेस्ट, हा क्रम कृपा करून मोडू नका. लोडसेलचं (भार मोजणाऱ्या सेन्सरचं) कॅलिब्रेशन टेस्टच्या दिवशी मुदतीत आहे ना तेही बघा, नाहीतर पंख टिकूनही आकडे धरत नाहीत, आणि एवढा खर्च पाण्यात गेलेला बघवत नाही हो.

फटीग टेस्ट, म्हणजे भार पुन्हा पुन्हा देऊन रचना किती काळ टिकते ते बघणं, वेगळ्या नमुन्यावर, वर्षानुवर्षं चालते. ती पूर्ण होण्याआधीही सर्टिफिकेट मिळतं, मात्र रिगवर जितक्या सायकल (भाराच्या फेऱ्या) झाल्या त्याच्या निम्म्यापुढे विमान उडवता येत नाही, आणि ही अट एअरवर्दिनेस लिमिटेशन्समध्ये (विमान वापरण्याच्या बंधनकारक मर्यादांच्या यादीत) लिहूनच द्यावी लागते.