पुणे एफसी की एफसी पुणे सिटी: भांडायच्या आधी कुठला क्लब ते तरी ठरवा

"आपली टीम एकदा लीगमध्ये दुसरी आली होती रे, तो ऋतिक रोशन मालक होता तेव्हा." पुण्यात फुटबॉलवर गप्पा सुरू झाल्या की हे वाक्य कुणीतरी टाकतोच. दुसरी आली होती हे खरं. ऋतिक रोशन होता हेही खरं. फक्त दुसरी आली तो क्लब वेगळा आणि ऋतिकचा क्लब वेगळा, आणि पुढचा अर्धा तास जी भांडाभांडी होते (आपण कायम मिड-टेबल म्हणजे टेबलच्या मधेच, आपल्यात जिगरच नव्हती, नाही रे पोटेन्शियल होतं, मालकांनी वाट लावली वगैरे) त्यात अर्धे लोक एका क्लबबद्दल बोलत असतात आणि अर्धे दुसऱ्याबद्दल, आणि कुणाच्याच लक्षात येत नाही.

तर आधी पुणे एफसी. २००७ साली सुरू झालेला क्लब, मालक अशोक पिरामल ग्रुप. सेकंड डिव्हिजन खेळून, तिथून वर चढून आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आला, कुणी आयती खुर्ची दिली नव्हती. पहिलाच सीझन २००९-१० चा आणि डायरेक्ट तिसरा नंबर. मग २०१२-१३ मध्ये डेरिक परेरा कोच असताना चौदा टीमच्या लीगमध्ये दुसरा नंबर, पुढे फक्त चर्चिल ब्रदर्स. त्या सीझनला स्ट्रायकर जेम्स मोगा काय सुटला होता. त्यानंतर २०१४ ला एएफसी कप पण खेळले, म्हणजे बालेवाडीच्या क्लबची आशियातल्या स्पर्धेत हजेरी लागली. लाल जर्सी, टोपणनाव रेड लिझर्ड्स. पुणेकराला लिझर्ड म्हटलं की पाल नाही आठवत, सिंहगडाची घोरपड आठवते, त्यामुळे नाव तरी झकास होतं.

एफसी पुणे सिटी म्हणजे २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हाची फ्रँचायझी. वाधवान ग्रुप, सोबत ऋतिक रोशन, इटलीच्या फिओरेंटिनाशी पार्टनरशिप, केशरी-जांभळे रंग, टोपणनाव स्टॅलियन्स. ही टीम खालून वर आली नाही कारण आयएसएलला तेव्हा खाली असं काही नव्हतंच. शहरं ठरली, मालक ठरले, लीग चालू.

आता गोंधळ होतो यात लोकांची चूक नाही हां. दोघांच्या नावात पुणे, दोघांच्या नावात एफसी, एकाचं मागे आणि एकाचं पुढे, दोघांचं घर बालेवाडीचं तेच शिवछत्रपती क्रीडा संकुल. आणि दोन्ही क्लब काही काळ एकाच वेळी जिवंत होते! ऑक्टोबर ते डिसेंबर २०१४ आयएसएल झाली, ती संपली की जानेवारी २०१५ पासून आय-लीग, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास त्याच स्टेडियममध्ये केशरी टीम आणि संक्रांतीनंतर लाल टीम. त्यात भर म्हणजे त्याच सीझनला कल्याणी ग्रुपचा भारत एफसी पण आय-लीगमध्ये उतरला, तोही पुण्याचाच, शेवटचा आला आणि बंद पडला. वर्षभराने डीएसके शिवाजियन्स आले, तेही दोन सीझनमध्ये गायब. म्हणजे एक वेळ अशी होती की ज्या शहरात साधारण माणसाला एक क्लब माहीत नाही तिथे तीन-तीन प्रोफेशनल क्लब चालू होते. शिवाय पुणे एफसी बंद पडल्यावर त्यांची अ‍ॅकॅडमी एफसी पुणे सिटीने घेतली. आणि अराता इझुमी, जपानमध्ये जन्मलेला, भारताचं नागरिकत्व घेऊन २०१३ ला भारताकडून खेळलेला, तो आधी वर्षानुवर्षं पुणे एफसीत आणि मग २०१६ ला एफसी पुणे सिटीत. त्याचा फोटो बघून कुठला क्लब ते सांगायचं असेल तर जर्सीचा रंग बघायला लागतो. मग माणूस म्हणणारच ना की एकच क्लब आहे, नाव बदललं असेल.

पण नाव बदललेलं नाही. पुणे एफसी २०१४-१५ च्या सीझननंतर संपला. जे पुढे चालू राहिलं ते वेगळं होतं, अ‍ॅकॅडमी घेतली म्हणून इतिहास मिळत नाही.

आता मूळ भांडणाकडे येऊ, ते मिड-टेबलचं. "आपण कायम मिड-टेबल" हे जे म्हणतात ते एफसी पुणे सिटीबद्दल असतं. बघा आकडे: २०१४ सहावा, २०१५ सातवा, २०१६ सहावा, २०१७-१८ चौथा, २०१८-१९ सातवा. पहिले तीन सीझन लीगमध्ये टीम किती होत्या? आठ. आठात सहावा म्हणजे मिड-टेबल?? मधला नंबर म्हणजे चौथा-पाचवा, सहावा-सातवा म्हणजे तळाला लोंबकळणं, पण ते आपल्याला कधी तसं वाटलं नाही आणि त्याला कारण आहे. मॅच चौदाच, टॉप फोर सेमीला, त्यामुळे दोन मॅच जिंकल्या की आपण सेमीच्या गणितात आणि दोन हरल्या की बाहेर, आणि बाहेर म्हणजे तरी काय, खाली पडायचं तर नव्हतंच. रेलिगेशन नाही, म्हणजे तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये ढकलणं नाही. सातवे या नाहीतर आठवे या, पुढच्या ऑक्टोबरला तुम्ही तिथेच. ज्या टेबलला तळाची भीतीच नाही त्यात मधला नंबर पण फुकटचा असतो, असं माझं मत. टेन्शन नाही म्हणून मजा पण अर्धीच.

आय-लीगमध्ये तसं नव्हतं. तिथे खाली जायची सोय होती, आणि पुणे एफसी स्वतः त्याच जिन्याने वर आलेला होता. त्यामुळे त्यांचा वाईट सीझन पण काहीतरी सांगायचा. मला विचाराल तर एफसी पुणे सिटीच्या सगळ्या सहाव्या-सातव्या नंबरांपेक्षा पुणे एफसीचा तो पहिल्याच वर्षीचा तिसरा नंबर भारी आहे, आणि तो किती लोकांना आठवतो? हाताच्या बोटांवर. कारण बघायला होतं कोण! मॅच संध्याकाळची, मैदान बालेवाडीत, पेठेतला माणूस तेव्हाच्या ट्रॅफिकमधून मेट्रो नसताना तिथे जायचा म्हणजे मुंबईला निघाल्यासारखं. टीव्हीवर गाजावाजा नाही, पेपरात क्रीडा पानाच्या कोपऱ्यात चार ओळी.

महत्त्वाकांक्षा हा शब्द पण दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने वापरतात लोक. एफसी पुणे सिटीची महत्त्वाकांक्षा लगेच दिसायची, पोस्टरवर असायची. २०१४ ला डेव्हिड ट्रेझेगे, फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, बालेवाडीत! गोल केले दोन. २०१५ ला एड्रियन मुटू आणि कोच म्हणून डेव्हिड प्लॅट, नंबर आला सातवा. २०१६ ला आयडर गुडजॉन्सनला साइन केलं, तो सीझन सुरू व्हायच्या आधीच जखमी, मग मोहम्मद सिसोको आला. कोच हबास आणला, जो कोलकात्याला पहिली आयएसएल जिंकून देऊन आला होता, तर त्याच्यावर सुरुवातीच्या मॅचेसची बंदी. हसू नका. तीन वर्षं, तीन कोच, तीन मोठी नावं, दरवेळी टीम नव्याने बांधायची. फॅन म्हणायचे बघा मालक पैसा लावतायत, आणि लावत होतेच, पण पैसा लावणं आणि टीम उभी करणं यातला फरक कळायला आपल्याला २०१७ उजाडावं लागलं.

पुणे एफसीची महत्त्वाकांक्षा पोस्टरवर मावणारी नव्हती. अ‍ॅकॅडमी, ज्युनियर टीम, सुब्रतो पॉलसारखा गोलकीपर, जेजे लालपेखलुआ वयाने लहान असताना इथे खेळलेला. हे सगळं बोअरिंग काम आहे. आता इथे कुणी लगेच म्हणेल की म्हणजे पुणे एफसी अस्सल पुणेरी आणि पुणे सिटी बाहेरची, तर थांबा जरा. पिरामल मुंबईचे. वाधवान पण मुंबईचे. दोन्ही क्लबच्या इलेव्हनमध्ये पुण्याची पोरं शोधायला दुर्बीण लागायची, खेळाडू गोवा, मणिपूर, मिझोराम, बंगाल, केरळ इथले. स्टँडमध्ये पण बघितलं तर कॅम्प-खडकीकडचे जुने फुटबॉलवाले, ईशान्येकडून शिकायला आलेली पोरं, आयटीतले मल्याळी आणि बंगाली, आणि मग आपण. घोषणा निम्म्या इंग्रजीत. त्यामुळे पुणेरीपणाचं सर्टिफिकेट कुणीच वाटू नये, ना लालवाल्यांनी, ना केशरीवाल्यांनी.

कोल्हापूरचा मित्र असेल तर या विषयावर तो तुम्हाला जगू देणार नाही हे वेगळं सांगायला नको. तिकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या फुटबॉल खेळणाऱ्या तालमी, एकेक तालीम म्हणजे एकेक गल्लीची इज्जत, आजोबा ज्या तालमीचे नातू त्याच तालमीचा. तो विचारतो, तुमच्या टीमला मालक कोण? कोल्हापुरात हा प्रश्नच कुणाला पडत नाही. आपल्याकडे पहिला तोच पडतो, आणि दोन्ही क्लब शेवटी मालकाच्या एका निर्णयाने बंद झाले त्यामुळे तो पडणं बरोबरच होतं.

तरीपण २०१७-१८ च्या एफसी पुणे सिटीला मी नावं ठेवू देणार नाही. तो एक सीझन खरंच टीम होती. रँको पोपोविच कोच, पुढे मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो, डाव्या बाजूने पळणारा आशिक कुरुनियन, गोलमध्ये विशाल कैथ. पोस्टरचा हिरो एकही नाही आणि दहा टीममध्ये चौथा नंबर. पहिल्यांदाच सेमी! ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बेंगळुरूशी ०-०, आणि चार दिवसांनी तिकडे १-३, छेत्रीची हॅटट्रिक. राग आला पण लाज वाटली नाही. त्या वर्षी पहिल्यांदा लोक मालक कोण, हिरो कोण हे सोडून मिडफिल्डवर भांडायला लागले होते, आणि क्लब झालाय हे ओळखायची माझी खूण तीच आहे. पुढचं वर्ष मात्र परत जुनीच गाडी: पोपोविच गेला, मिगेल पोर्तुगाल आला, सुरुवातीलाच पराभवांची रांग, तो गेला, प्रद्युम रेड्डीने मध्ये सांभाळलं, मग फिल ब्राउन, शेवटी सातवा नंबर. ब्राउनच्या हाताखाली टीम सावरत होती तोवर मालकांचं आर्थिक घोडं अडलं आणि २०१९ मध्ये क्लब बंद.

बंद म्हणजे कसा, तर इथेच दोघांतला सगळ्यात मोठा फरक आहे. पुणे एफसी बंद झाला तेव्हा संपला, मागे अ‍ॅकॅडमी उरली ती दुसऱ्याने घेतली, बाकी विषय कट. एफसी पुणे सिटी बंद झाला तेव्हा लीगमधली त्याची जागा शिल्लक राहिली. ती जागा नव्या मालकांकडे गेली आणि हैदराबाद एफसी तयार झाली, २०१९-२० ला फिल ब्राउन तिकडे, मार्सेलिन्हो तिकडे, आदिल खान, आशिष राय, निखिल पुजारी असे कितीतरी जण तिकडे. पहिल्या वर्षी तळाला. आणि मग २०२१-२२ ला मनोलो मार्केझच्या हाताखाली केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद चॅम्पियन!

तेव्हा पुण्यात बऱ्याच लोकांनी "ही आपलीच टीम आहे" असे स्टेटस टाकले. मला ते पटलं नव्हतं आणि अजून पटत नाही. दोन-चार खेळाडू आपले होते म्हणून काय झालं, ट्रॉफी ज्यांनी पहिल्या वर्षी तळाला बसून शिव्या खाल्ल्या त्या हैदराबादवाल्यांची. आणि बिचाऱ्या त्यांचं तरी काय झालं, २०२५ मध्ये तीच जागा उचलून दिल्लीला गेली, आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली नाव आहे. म्हणजे "आपली टीम" असंच म्हणायचं असेल तर आता दिल्लीच्या टीमला सपोर्ट करा! करणार? नाही ना. मग २०२२ ची ट्रॉफी पण सोडा.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी "आपली टीम दुसरी आली होती" म्हणाला की आधी जर्सीचा रंग विचारा. लाल म्हणाला तर त्याला बसवून चहा पाजा, २०१२-१३ प्रत्यक्ष बघितलेला माणूस सहसा सापडत नाही. केशरी म्हणाला तर चौथा नंबर आणि सेमीपर्यंतच बोलू द्या, त्याच्या पुढे गेला की थांबवा.