‘मिस्टर रोबोट’मधलं हॅकिंग: पार्श्वभूमी, आणि त्या एक्झिट नोडचं काय ते

‘मिस्टर रोबोट’ ही एलियट नावाच्या हॅकरवरची अमेरिकन मालिका 24 जून 2015 ला सुरू झाली, 22 डिसेंबर 2019 ला संपली, चार सीझन, 45 भाग. कथा इथे सांगत बसत नाही, बघितली नसेल तर आधी बघून या कारण पुढे बरंच काही फुटणार आहे. ‘हॅकिंग खरं दाखवणारी पहिली मालिका’ अशी हिची ख्याती आहे आणि ती बऱ्यापैकी रास्त आहे. फक्त जिथे ती घसरते ती जागा लोक सोयीस्करपणे विसरतात, आणि ती जागा पहिल्याच भागात, सुरुवातीच्या काही मिनिटांत आहे: ओळख लपवणाऱ्या ‘टॉर’ नेटवर्कच्या एक्झिट नोडबद्दलचं, म्हणजे बाहेर पडायच्या दाराबद्दलचं एक वाक्य.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1983 साली एक सिनेमा आला, त्यात शाळकरी पोरगा मोडेमवरून एकामागोमाग एक नंबर फिरवत बसतो आणि लष्कराच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी तो बघितला, असं खरंच होऊ शकतं का म्हणून विचारणा केली, उत्तर ‘हो’ आलं आणि 1984 मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेवर राष्ट्रीय धोरण निघालं. म्हणजे सुरुवात चांगली झाली होती. नंतर टीव्हीने पार वाट लावली. 2004 साली एका गाजलेल्या गुन्हेमालिकेत हल्ला थोपवायला दोन जण एकाच कीबोर्डवर चार हातांनी बडवताना दाखवले, दुसऱ्या एका मालिकेत आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा कॉम्प्युटरचा आकडी पत्ता) शोधण्यासाठी बाई व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत इंटरफेस बनवायला निघाल्या, हे दोन्ही तुकडे आजही फिरतात. आयपी अ‍ॅड्रेसमध्ये 255 च्या वरचे आकडे दिसायचे, जे खऱ्या पत्त्यात येऊच शकत नाहीत, त्यावर हसतात लोक, पण त्याला कारण होतं, सिनेमात फोन नंबर 555 ने सुरू करतात ना, तसंच, खऱ्या कुणाचा पत्ता स्क्रीनवर जाऊ नये म्हणून. आणि मिस्टर रोबोट येण्याच्या तीनच महिने आधी, मार्च 2015 ला, एका मोठ्या चॅनलने खास सायबर गुन्ह्यांवरची मालिका आणली होती, तिच्यात चांगला कोड हिरवा आणि व्हायरस असलेला कोड लाल दिसायचा. ती दोन सीझनमध्ये गुंडाळली.

तर मिस्टर रोबोटच्या लेखकाने, जो आधी याचा सिनेमाच लिहीत होता, एक गोष्ट ठरवली की स्क्रीनवर थ्रीडी गोळे, उडणारे आकडे, धावणाऱ्या पट्ट्या काही नको. टूल खरं, कमांड खरी, आउटपुट खरं. त्यासाठी सल्लागार घेतले, त्यात केंद्रीय तपासयंत्रणेत सायबर गुन्हे हाताळलेले माजी अधिकारी होते, कॉर्पोरेट सिक्युरिटीतून आलेले होते. काम कसं चालायचं बघा. हल्ला आधी खरोखर करून बघायचा, त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्यायचं, मग त्यावरून फ्लॅश अ‍ॅनिमेशन बनवायचं, ते अशा पद्धतीने की नटाने कीबोर्डवर कुठलीही बटणं दाबली तरी स्क्रीनवर बरोबर कमांडच उमटणार. म्हणजे एलियट टाइप करतोय असं आपल्याला वाटतं तेव्हा तो काहीही बडवत असू शकतो, पण पॉज करून वाचाल तर मजकूर चोख. पहिल्या भागात मात्र एकदोन कमांड बनावट आहेत, ‘एल्पस्क्रॅक’ नावाचा पासवर्ड क्रॅकरही एलियटचा स्वतःचा, बाहेर कुठे मिळणार नाही. पण नंतर मेटास्प्लॉइट, काली, सुपरएसयू, डीपसाउंड, शोडॅन ही टूल, सगळी बाजारात असलेली. सीडीवर गाण्यांच्या अल्बमचं नाव लिहायचं आणि आत लोकांची कुंडली लपवायची, ती डीपसाउंडची करामत कुणीही घरी करून बघू शकतो.

आता तो एक्झिट नोड.

पहिल्या भागात एलियट कॉफी शॉपच्या मालकासमोर जाऊन बसतो. दुकानातलं गिगाबिट वायफाय त्याला खटकलेलं असतं, म्हणून त्याने तिथलं ट्रॅफिक (नेटवर्कवरून येणारी-जाणारी माहिती) बघायला सुरुवात केली, तर मालक टॉरच्या आडून लहान मुलांच्या अश्लील व्हिडिओंची साइट चालवतोय असं निघालं. मग एलियट त्याला ऐकवतो की टॉर तुला वाटतं तेवढं अनामिक नाही, एक्झिट नोड ज्याच्या हातात ट्रॅफिक त्याच्या हातात. संवाद जबरदस्त आहे, अंगावर काटा येतो, आणि निम्म्या लोकांना टॉरबद्दल जे काही माहिती आहे ते या एका वाक्यातून आलंय. अडचण अशी की या प्रसंगाला हे वाक्य लागूच होत नाही.

एक्झिट नोड लागतो कधी, तर तुम्ही टॉरमधून बाहेरच्या साध्या इंटरनेटवर जाता तेव्हा. तीन टप्पे असतात, प्रत्येक टप्पा म्हणजे एक रिले, ट्रॅफिक पुढे ढकलणारा कॉम्प्युटर, तिसऱ्यावरून, म्हणजे एक्झिट नोडवरून, तुमचं ट्रॅफिक बाहेर पडतं, आणि ते एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात बंद) नसेल तर तिथे बसलेला माणूस वाचू शकतो. मालकाची साइट मात्र टॉरच्या आतली, म्हणजे ओनियन सर्व्हिस. तिथे बघणाऱ्याची तीन टप्प्यांची वाट आणि सर्व्हरची तीन टप्प्यांची वाट मधल्या एका ठरलेल्या रिलेवर येऊन भेटतात, आतला मजकूर दोन टोकांमध्ये बंदच राहतो, बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही. जिथून कुणी बाहेरच पडत नाही त्या दारावर पाळत ठेवून काय उपयोग?

यावर दोन बाजू आहेत. एक म्हणते की अहो मालिका आहे, लेक्चर नाही, आणि मालक त्याच वायफायवरून टॉरमार्गे बाहेरच्या साइटवरही जात असेल, तिथून पकडला. ठीक, पण वाक्य सर्व्हरबद्दल आहे, मालकाच्या ब्राउझिंगबद्दल नाही. दुसरी बाजू जास्त वजनदार आहे. एक्झिट नोडचा धोका काल्पनिक नव्हता. 2007 मध्ये स्वीडनच्या एका सिक्युरिटी सल्लागाराने स्वतःचे पाच एक्झिट नोड लावले आणि जगभरच्या दूतावासांच्या, सरकारी खात्यांच्या ईमेलचे लॉगिन-पासवर्ड आपसूक त्याच्याकडे जमा झाले, त्यातल्या शंभर खात्यांची यादी त्याने जाहीर केली. यादीत आपल्या देशाचे दूतावास होते आणि संरक्षण संशोधनाची आपली एक मोठी संस्थाही होती. ही मंडळी टॉर वापरून साधं, एन्क्रिप्शन नसलेलं मेल उघडत होती (किंवा त्यांचा पासवर्ड आधीच चोरलेला दुसराच कुणी टॉरमागे लपून उघडत होता, ही शक्यता तेव्हाही बोलली गेली). म्हणजे लेखकाने वाक्य हवेतून आणलेलं नाही, खऱ्या घटनेतलं आणून चुकीच्या जागी बसवलंय.

मला जास्त टोचतं ते हे की योग्य उदाहरण अगदी हाताशी होतं. 2014 च्या जानेवारी अखेरीपासून 4 जुलैपर्यंत टॉरच्या नेटवर्कमध्ये काही खोटे रिले बसवलेले होते, ते आतल्या साइट चालवणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांनाच उघडं पाडायच्या मागे होते, 30 जुलैला टॉर चालवणाऱ्यांनी स्वतः ते जाहीर केलं. तो हल्ला आत शिरायच्या पहिल्या टप्प्यावरचे रिले आणि साइटचे पत्ते सांभाळणारे रिले यांच्या जोरावर होता, एक्झिटचा संबंध नाही. एलियटच्या तोंडी ‘एक्झिट’ऐवजी ‘एंट्री’ असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण एक्झिट ऐकायला भारी वाटतं, दुसरं काय. मार्च 2015 मध्ये हा भाग एका फेस्टिव्हलमध्ये दाखवला, प्रेक्षकांचं बक्षीस मिळालं, नंतर तो ऑनलाइन आला आणि वाक्य सुटलं ते सुटलंच.

पुढच्या भागांत ही घसरण कमी होते कारण टेक्निकल माणसांची टीम वाढत गेली. आणि मालिकेची खरी ताकद कमांडमध्ये नाहीच, माणसांना गंडवण्यात आहे. एलियट थेरपिस्टच्या मित्राला बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय सांगून फोन करतो आणि पाळीव प्राण्याचं नाव काढून घेतो, पासवर्डच्या अंदाजासाठी तेवढं पुरतं. हा फोन आपल्याकडे घराघरात येऊन गेलाय. स्टील माउंटन या बॅकअप साठवणाऱ्या केंद्रात शिरायला विकिपीडियावर खोटं पान तयार करतात, वरच्या मॅनेजर बाईंना नवरा दवाखान्यात असल्याचा बनावट मेसेज पाठवून हटवतात, आणि या सगळ्या खटाटोपाचं फळ काय, तर थर्मोस्टॅटमागे रास्पबेरी पाय हा एक छोटासा कॉम्प्युटर बसवायचा, म्हणजे एसीवर ताबा मिळेल आणि बॅकअपच्या टेप उष्णतेने जातील.

सहाव्या भागातला तुरुंगाचा प्रसंग तर नमुना आहे. एलियटची साथीदार डार्लीन पार्किंगमध्ये पेनड्राइव्ह टाकून येते, एक पोलीस उचलतो, लावतो, आणि अँटीव्हायरस लगेच ओरडतो, कारण बाईंनी तयार मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) तसंच उचलून टाकलेलं. बाकी कुठल्या मालिकेत नायकाच्या बाजूचा हल्ला असा फुसका ठरताना बघितलाय? मग पोलिसांच्या गाडीतल्या लॅपटॉपच्या ब्लूटूथ कीबोर्डचं सोंग घेऊन एलियट आत शिरतो आणि कोठड्यांची दारं चालवणाऱ्या पीएलसीपर्यंत (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरपर्यंत) जातो. तुरुंगाच्या पीएलसीमधली ही भगदाडं 2011 च्या एका हॅकर परिषदेत जाहीरपणे मांडली गेली होती.

2016 पासून मालिका आणि बाहेरचं जग एकमेकांत शिरायला लागलं. दुसऱ्या सीझनच्या तोंडावर मे महिन्यात मालिकेच्याच प्रमोशनच्या साइटवर क्रॉस साइट स्क्रिप्टिंगचं भोक (ज्यातून साइटमध्ये परका कोड घुसवता येतो) सापडलं, कळवल्यावर बुजवलं, पण हसं व्हायचं ते झालं. स्क्रीनवरचे आयपी अ‍ॅड्रेस आता 255 च्या आतले होते आणि ब्राउझरमध्ये टाकले की खरंच साइट उघडायची, कारण ते मालिका काढणाऱ्या कंपनीने स्वतः घेऊन ठेवले होते. एलियट वापरतो त्या स्विस ईमेल सेवेने मालिकेच्या लोकांशी बोलणं झाल्यावर लॉगिनची नोंद वापरणाऱ्याला दिसण्याची सोय आणली.

यात लेखकांनी एक बेडी स्वतःच्या पायात घालून घेतली होती. कथेतला काळ 2015 च्या पुढे सरकतच नाही, अगदी शेवटचा सीझनसुद्धा 2015 च्या नाताळातला, आणि तो दाखवला गेला 2019 ला. मधल्या चार वर्षांत मे 2017 चं वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा जगभरचा हल्ला, झालं, त्याला हात लावता येईना, स्क्रीनवरची सॉफ्टवेअरसुद्धा त्या वर्षाची शोधून लावायची. शेवटच्या मोठ्या चोरीत सगळा भरवसा एसएमएसने येणाऱ्या कोडवर आहे, तो मध्येच पकडायचा आणि पैसे वळवायचे. खरं तर एसएमएसचा कोड टाळा असं अमेरिकेतली सरकारी मानक संस्था 2016 मध्येच सांगायला लागली होती. कथेतल्या बँकेला ते माहिती असायचं कारण नव्हतं. आपल्या बँका मात्र मालिका संपली तेव्हाही एसएमएसनेच ओटीपी पाठवत होत्या.