क्लच हळू सोडा, पण हळू म्हणजे किती?

पहिल्या दिवशी माझी गाडी चार वेळा बंद पडली. नाशिकजवळच्या मखमलाबादकडचा मोकळा रस्ता, समोर ना माणूस ना म्हैस, तरी चार वेळा. शिकवणारे काका प्रत्येक वेळी तेच म्हणायचे, "ताई, क्लच हळू सोडा." हळू म्हणजे किती, ते मला घरी कागद-पेन घेऊन बसल्यावर कळलं.

उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे मारत असतं आणि चाकं जागेवर असतात. फेरे फार कमी झाले की इंजिन बंदच पडतं. या दोघांची गाठ घालते क्लचची चकती. क्लच दाबला की ती इंजिनापासून सुटते, सोडला की चिकटते. अधेमधे घासत फिरते, तोच आपला हाफ क्लच.

आता हिशेब. लहान गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाचे साधारण 14 फेरे झाले की चाकाचा एक होतो. म्हणजे 800 फेऱ्यांत चाकाचे 57. चाकाचा घेर पावणेदोन मीटर धरा: मिनिटाला 100 मीटर, तासाला 6 किलोमीटर. म्हणजे भरभर चालणारा माणूस! गाडी तेवढा वेग घेईपर्यंतच चकती घासू द्यायची, मग पाय खुशाल उचला. मी दोन-तीन सेकंदांचं काम झटक्यात उरकत होते. आठ-नऊशे किलोची उभी गाडी एकदम इंजिनाच्या गळ्यात पडायची आणि गचका.

चढावर गाडीचं वजन मागे ओढतं, म्हणून तिथे नुसत्या 800 फेऱ्यांवर भागत नाही, अ‍ॅक्सिलरेटर द्यावाच लागतो. आणि सिग्नलला हाफ क्लचवर तरंगत राहिलात, तर चकती तापून जळका वास येतो. (हाही अनुभव घेऊन झाला.)

क्लासला जाण्याआधी घरच्या बंद गाडीत हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून नुसता क्लच दाबून-सोडून बघा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. जाड तळव्याचे बूट नकोत, पायाला दाब कळत नाही. चप्पल तर निसटतेच.

मेंदूला एका वेळी तीन-चारच गोष्टी धरून ठेवता येतात. क्लच, गिअर, आरसा, स्टिअरिंग, त्यात मागून रिक्षावाल्याचा हॉर्न, सांडणारच. पाय सवयीने चालू लागला की एक जागा रिकामी होते. ती सवय झोपेतही पक्की होत जाते, म्हणून रविवारी सलग तीन तास घालवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. शिकाऊ परवाना 6 महिने चालतो आणि पक्क्या परवान्यासाठी तसेही 30 दिवस थांबावंच लागतं.

पाचव्या दिवशी काकांनी गाडी जुन्या नाशकात घेतली. गंगेवरून (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) वर येणाऱ्या चढावर, पुढे भाजीची हातगाडी, मागे दोन स्कूटर. हँडब्रेक ओढलेला, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, क्लच वर येऊ दिला. बॉनेट किंचित उचललं गेलं. "आता सोडा," काका म्हणाले, आणि मी हँडब्रेक खाली केला.