कोळशाची पूड, आरसा आणि ‘ट’

‘ट’ म्हणून पाहा आणि जीभ टाळूला नेमकी कुठे टेकली ते सांगा. अवघड आहे. लक्ष जाईपर्यंत जीभ जागेवर परतलेली असते. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाच्या ध्वनिविज्ञान प्रयोगशाळेत यावर एक घरगुती वाटावा असा उपाय आहे. ऑलिव्ह तेलात कोळशाची पूड कालवायची, ब्रशने जिभेला फासायची आणि एकच शब्द म्हणायला लावायचा. मग तोंडात आरसा धरून टाळूचा फोटो काढायचा. जिथे काळं, तिथे जीभ टेकली.

ही प्रयोगशाळा उभी केली पीटर लॅडफोगेड या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने. एडिंबरात शिकवून आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांचे ध्वनी टिपून ते १९६२ मध्ये इथे आले. पुढे ‘माय फेअर लेडी’ (१९६४) या चित्रपटाला ध्वनिशास्त्रातला सल्लागार हवा होता, तेव्हा हॉलिवूडला फार लांब जावं लागलं नाही!

तेव्हाचं मानाचं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोग्राफ. एका वेळी जेमतेम अडीच सेकंदांचा आवाज त्यात मावे. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला कागद विजेच्या सुईने जाळत जाळत ते त्या आवाजाचं चित्र काढी. एका चित्राला मिनिटभराहून जास्त वेळ, वर जळका वास. आज लॅपटॉप हे काम आपण बोलत असतानाच करतो.

बाकी सामग्रीत ध्वनिरोधक खोली आहे, नाकातली आणि तोंडातली हवा वेगवेगळी मोजणारा मुखवटा आहे. मला सगळ्यात आवडतं ते गळ्याला बाहेरून दोन चकत्या लावून स्वरतंतूंची उघडझाप टिपणारं यंत्र. शाळेत आपण ‘ख’ आणि ‘घ’ दोन्ही ‘महाप्राण’ म्हणून एकाच रांगेत पाठ केले. प्रत्यक्षात ‘ख’मध्ये स्वरतंतू उघडे राहून नुसती हवा सुटते, ‘घ’मध्ये ते थरथरत असतात, पण पुरते मिटत नाहीत, आणि फटीतून हवा निसटत राहते.

‘ट’कडे परत येऊ. लॅडफोगेड आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेले पेरी भास्करराव यांनी १९८३ मध्ये क्ष-किरण चित्रांवरून दाखवलं, की हिंदी बोलणाऱ्याच्या ‘ट’मध्ये जिभेचं टोक दातांमागच्या उंचवट्याच्या जरा मागे टेकतं, तमिळ-तेलुगूत मात्र जीभ उलटी वळते आणि तिची खालची बाजू कठीण टाळूला लागते. व्याकरणाच्या पुस्तकात दोन्ही ‘मूर्धन्य’च. (निव्वळ यासाठी क्ष-किरण आज सहसा कुणी वापरणार नाही; अल्ट्रासाउंडवर जीभ हलताना दिसते.)

कोळशाची पूड मात्र अजून टिकून आहे, कारण ती पिशवीत घालून कुठेही नेता येते. या प्रयोगशाळेचं निम्मं काम तिच्या भिंतींबाहेर झालं आहे. तिच्या संग्रहातली दोनशेहून अधिक भाषांची ध्वनिमुद्रणं आता इंटरनेटवर कुणालाही फुकट ऐकता येतात. निलगिरीतल्या तोडा लोकांकडेही ही मंडळी गेली. तोडा भाषेत जीभ थरथरवून म्हटले जाणारे सहा ‘र’ आहेत: दातांशी, त्यामागच्या उंचवट्याशी आणि मूर्धन्य असे तीन, आणि प्रत्येकाची साधी व तालव्य (‘य’ची छटा असलेली) अशी जोडी. आपल्याला त्यांतले दोन वेगळे ऐकू आले तरी पुष्कळ.

लॅडफोगेड जानेवारी २००६ मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, लंडनमध्ये वारले. भारतातलं असंच काम आटोपून ते घरी निघाले होते.