१८६३ : रेल्वेने सपाटी सोडली ते वर्ष

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते, फलाटावर वड्यांची हाकाटी सुरू होते आणि थोड्या वेळात मागून एक दणका बसतो. फळीवर ठेवलेली पाण्याची बाटली घरंगळते. नवखा प्रवासी दचकतो, रोजचा माणूस वडा खात राहतो. बँकर लागले, एवढंच. पुढे घाट संपेपर्यंत ही जादा इंजिनं गाडीला मागून रेटत नेणार.

या दणक्याचं मूळ १८६३ साली खुल्या झालेल्या चढात आहे. त्याआधी पाच वर्षं मुंबई-पुणे रेल्वे दोन तुकड्यांत होती. खालून गाडी घाटाच्या पायथ्याशी यायची, वरून खंडाळा ते पुणे धावायची, आणि मधला बोरघाट पालखीत किंवा घोड्यावरून पार करावा लागायचा. १८५६ ला सुरू झालेलं घाटाचं काम १८६३ च्या उन्हाळ्यात पुरं झालं : सुमारे २५ किलोमीटर रूळ, २५ बोगदे आणि १८३१ फुटांची चढण.

आता यात अवघड ते काय? रेल्वेची सगळी कमाई एका गोष्टीवर आहे : लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी विरोधाने गरगरतं. सपाटीवर एक टन वजन हलतं ठेवायला जेमतेम तीन-चार किलोंची ओढ पुरते. बैलगाडीवाल्याला हे सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. पण जे चाक इतकं सहज गरगरतं, ते तितक्याच सहज घसरतंही. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या चालत्या चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढंच ओढू शकतं. त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरतं.

बोरघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पायी चालणाऱ्याला तो जाणवणारही नाही. गाडीला मात्र दर टनामागे २७ किलोंची जादा ओढ लागते. हिशेबापुरतं धरू की इंजिनाच्या चालत्या चाकांवर ४० टन भार आहे, म्हणजे ओढ १० टन. सपाटीवर ते अडीच हजार टनांची गाडी हलवेल, घाटात स्वतःचं वजन धरून सव्वातीनशे टनांची. पावसाने रूळ निसरडा झाला आणि पकड पावावरून दहाव्या हिश्शावर आली, तर सव्वाशे-दीडशे टनांवरच दमछाक. आणि आपल्या घाटातला पाऊस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. म्हणून इंजिनात वाळूची पेटी असते. चाकापुढे वाळू सोडायची आणि पकड परत मिळवायची, हा उपाय आजच्या विजेच्या इंजिनांतही तसाच आहे.

चढण्यापेक्षा उतरणं जास्त धोक्याचं. ब्रेक लावला तरी पकड तीच, घसरडी. म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात. उतरत्या गाडीसाठी सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ, एरवी डोंगराकडे चढणाऱ्या एका आंधळ्या फाट्याला जोडलेले असतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. थांबली नाही तर फाट्यावर चढून आपल्याच वजनाने थकते.

खंडाळ्याखाली तर गाडी वळवायलाच जागा नव्हती. मग जेम्स बर्कली या मुख्य इंजिनिअरने डोंगराच्या सोंडेवर रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी सोंडेच्या टोकाशी येऊन उभी राहायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि शेपटाचं तोंड होऊन गाडी उलट दिशेने पुढची चढण धरायची. १९२९ मध्ये मार्ग बदलला तेव्हा हा खटाटोप संपला.

घाट बांधणाऱ्यांचा हिशेब मात्र किलो-टनात बसत नाही. १८६१ मध्ये इथे चाळीस हजारांवर माणसं राबत होती. सुरुंग, दरडी, पटकी यांनी हजारोंनी माणसं गेली. मजुरीवरून १८५९ च्या जानेवारीत दंगा झाला आणि त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथे आल्यावर काही आठवड्यांत वारला. कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिने हाती घेतलं आणि तडीस नेलं. बर्कली १८६२ मध्ये गेला. त्याने आखलेल्या घाटातून पुण्याला गेलेली गाडी त्याला दिसली नाही.

घाट तयार होत होता, त्याच वर्षी १० जानेवारीला लंडनमध्ये रेल्वे उलट दिशेला, जमिनीखाली गेली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सहा किलोमीटरचा जगातला पहिला भुयारी रेल्वेमार्ग. बाहेरगावच्या गाड्या शहराच्या कडेला थांबत आणि तिथून पुढे रस्त्यांवर टांग्यांची चेंगराचेंगरी होई. यावर भुयाराचा उपाय चार्ल्स पिअर्सन हा वकील वर्षानुवर्षं सांगत होता. तोही आदल्या सप्टेंबरात वारला होता. (या वर्षाचं हे एक विचित्रच.) पंतप्रधान पामर्स्टन अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी समारंभाचं बोलावणं नाकारलं आणि आपल्याला जमतील तितके दिवस जमिनीच्या वरच काढायचे आहेत असं म्हटलं, असं सांगतात.

भुयार खणणं तुलनेने सोपं होतं. रस्ता उकरायचा, दोन्ही बाजूंना भिंती बांधायच्या, वर विटांची कमान घालायची आणि पुन्हा रस्ता करायचा. खरी अडचण धुराची. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते आणि जाताना भट्टीतून हवा ओढून घेते. तीच भट्टीची फुंकणी. ती बंद केली तर धूर कमी होतो, पण आगही मंदावते. या मार्गाचा इंजिनिअर जॉन फाउलर याने आधी बिनआगीचं इंजिन करून पाहिलं : तापवलेल्या विटांच्या उष्णतेवर पाणी उकळायचं. १८६१ च्या चाचणीत ते फसलं आणि लोकांनी त्याला ‘फाउलरचं भूत’ म्हटलं. शेवटी डॅनियल गूचच्या इंजिनांनी तडजोड केली. भुयारात शिरल्यावर वापरलेली वाफ पाण्याच्या टाकीत सोडायची, तिथे तिचं पाणी होणार, आणि भट्टी मंद ठेवून साठलेल्या वाफेवर पुढचा पल्ला गाठायचा. भट्टीत कोळशाऐवजी कोक. तरी भुयारात घुसमट व्हायचीच. पण पहिल्या दिवशी अडतीस हजारांच्या आसपास माणसं बसली आणि पहिल्या वर्षात ९५ लाख. गर्दीला धुराचं वावडं नसतं, हे मुंबईकरांना सांगायला नको.

या मार्गावर तीन रूळ टाकले होते, कारण सात फुटी रुंद गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) आणि ४ फूट ८.५ इंच गेजच्या, अशा दोन्ही गाड्या चालायच्या होत्या. ऑगस्टमध्ये दोन कंपन्यांचं भांडण झालं, सात फुटीवाल्यांनी आपली इंजिनं आणि डबे काढून घेतले, आणि भुयाराला अरुंद गेजचे डबे उसने आणावे लागले. तिसरा रूळ टाकला होता म्हणून निभावलं.

अमेरिकेत याच गेजच्या प्रश्नावर राष्ट्राध्यक्षांना तोंडघशी पडावं लागलं. यादवी युद्ध ऐन भरात होतं, तरी सॅक्रामेंटोत ८ जानेवारीला, लंडनच्या भुयाराच्या दोन दिवस आधी, खंड ओलांडणाऱ्या रेल्वेची पहिली माती उकरली गेली. गेज ठरवणं लिंकन यांच्याकडे होतं. त्यांनी जानेवारीत पाच फूट ठरवलं, मार्चमध्ये काँग्रेसने कायदा करून ते ४ फूट ८.५ इंचांवर आणलं. आधीच घातलेल्या रुळांशी जुळणं महत्त्वाचं, रुंदी त्यामानाने दुय्यम. भारताने साडेपाच फूट धरलं होतं, न्यूझीलंडची पहिली रेल्वे त्याच डिसेंबरात ५ फूट ३ इंचांवर धावली आणि पुढे त्यांना सगळं बदलावं लागलं.

सर्वांत अरुंद प्रयोग वेल्समध्ये झाला. फेस्टिनिऑगच्या पाटीच्या दगडांच्या खाणींतून समुद्राकडे जेमतेम दोन फुटी रूळ होते. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली जात. रिकाम्या वाघिणी वर ओढणारे घोडे उतरताना त्याच गाडीतल्या एका खास वाघिणीत बसून खाली येत. इतक्या अरुंद रुळावर वाफेचं इंजिन उभं राहणार नाही, असं मोठमोठ्यांचं मत होतं. १८६३ मध्ये ते चाललं, आणि आपली माथेरानची गाडीही त्याच दोन फुटी कुळातली. वर ओढायचं काम इंजिनाकडे गेलं, घोड्यांची फुकटची सवारी संपली. दगडाच्या वाघिणी मात्र १९३९ पर्यंत बिनइंजिनाच्याच खाली येत राहिल्या, ब्रेकवर माणसं बसवून.