वैद्यकीय पुरवठा कंपन्यांचे कार्बन उत्सर्जन व कपात आराखडे (ब्रिटन)

हातमोजे, सिरिंज, कॅथेटर, ड्रेसिंग, गाऊन, तपासणी संच असा माल रुग्णालयांना पुरवणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणी स्वतः काहीच बनवत नाहीत. माल बाहेरून आणायचा, गोदामात ठेवायचा आणि पोचवायचा, एवढाच त्यांचा धंदा. अशा कंपनीमुळे किती हरितगृह वायू हवेत जातात आणि ते ती कधीपर्यंत, कसे कमी करणार, हे लेखी जाहीर करणे ब्रिटनमध्ये मोठ्या सरकारी कंत्राटांसाठी २०२१ पासून सक्तीचे आहे. या जाहीर कागदाला तेथे ‘कार्बन रिडक्शन प्लॅन’ म्हणतात. मराठीत त्याला कपात आराखडा म्हणता येईल.

२००८ च्या हवामान बदल कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि २०५० पर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन (हवेत सोडलेल्या वायूंतून शोषून घेतलेले वजा करून उरते ते) शून्यावर आणण्याचे बंधन आले. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा असलेल्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसने (एनएचएस) ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच्याही आधीची मुदत स्वतःवर घालून घेतली : थेट ताब्यातील उत्सर्जनासाठी २०४०, पुरवठादारांसह सगळ्यासाठी २०४५. त्या वेळच्या तिच्या हिशेबानुसार इमारती, वाहने, भूल देण्याचे वायू असा प्रत्यक्ष सेवेचा वाटा २४ टक्के होता, तर पुरवठा साखळीचा ६२ टक्के. रुग्णालयाच्या छपरावर कितीही सौर पॅनेल बसवली तरी मोठा आकडा बाहेरच राहणार होता, म्हणून पुरवठादारांकडे वळणे भाग पडले.

उत्सर्जनाचे तीन गट करतात. स्कोप १ म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेले इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, आणि स्कोप ३ म्हणजे तिच्या व्यवहारामुळे इतरत्र झालेले सगळे उत्सर्जन. स्कोप ३ चे पंधरा प्रकार आहेत. वितरक कंपनीच्या बाबतीत पहिले दोन गट किरकोळ ठरतात : काही व्हॅन, गोदामातले दिवे, हिवाळ्यातली गॅसची शेगडी. खरे वजन मालात आहे. नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनतात, मुख्यतः मलेशियात. साच्यांवर चढलेला थर भट्टीत सुकवायला उष्णता लागते. पुढे जहाज आणि घाई असेल तर विमान. वापरानंतर संसर्गजन्य कचरा म्हणून हातमोजा उच्च तापमानाच्या भट्टीत गेला, तर एक टन कचऱ्यामागे साधारण एक टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. इन्हेलर विकणाऱ्यांचे गणित आणखी निराळे. फवारा ढकलणारा एचएफसी-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो, आणि तो बाहेर पडतो रुग्णाच्या हातात.

कोविडच्या पहिल्या सहा महिन्यांत इंग्लंडमध्ये वाटलेल्या संरक्षक साधनांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण उत्सर्जन सुमारे १ लाख ६ हजार टन निघाले आणि त्यात सर्वांत मोठा वाटा हातमोज्यांचा होता. हाच माल ब्रिटनमध्ये बनवला असता तर १२ टक्के बचत झाली असती. हातमोजे टाळले असते तर ४५ टक्के. हातमोजे सगळीकडे टाळता येत नाहीत हे उघड आहे, पण माल कुठे बनतो यापेक्षा तो किती वापरला जातो याने जास्त फरक पडतो, एवढे त्यातून कळते.

आता नियम काय मागतो ते पाहावे. वर्षाला ५० लाख पौंडांहून मोठ्या सरकारी कंत्राटासाठी ही अट सप्टेंबर २०२१ अखेर लागू झाली. एनएचएसने ती एप्रिल २०२३ पासून आपल्या खरेदीत आणली आणि एप्रिल २०२४ पासून लहान कंत्राटांनाही सौम्य रूपात लावली. आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे वचन, आधारवर्ष (ज्याच्याशी पुढच्या आकड्यांची तुलना करायची ते वर्ष), सध्याचे आकडे व योजलेले उपाय हवेत. संचालकाची मंजुरी हवी. तो संकेतस्थळावर असायला हवा. स्कोप १ आणि २ पूर्ण मोजावे लागतात. स्कोप ३ मधले मात्र पाचच प्रकार सक्तीचे आहेत : माल येतानाची वाहतूक, माल जातानाची वाहतूक, कामकाजातला कचरा, कामानिमित्तचा प्रवास आणि कर्मचाऱ्यांची ये-जा. विकत घेतलेला माल या पाचांत नाही. विकलेल्या मालाचा वापर आणि विल्हेवाटही नाही. त्यामुळे कोट्यवधी हातमोजे विकणाऱ्या कंपनीचा आराखडा नियमात चोख बसतो आणि त्यात हातमोज्यांचा उल्लेखही नसतो. ही पळवाट कंपन्यांनी शोधलेली नाही. ती नियमातच आहे.

म्हणूनच हे आराखडे एकमेकांसारखे दिसतात : विजेवर चालणाऱ्या व्हॅन, एलईडी दिवे, हरित विजेचा करार, घरून काम. हरित विजेच्या करारामुळे बाजाराधारित पद्धतीने, म्हणजे कोणती वीज विकत घेण्याचा करार केला यावरून मोजून, स्कोप २ एका सहीत शून्य दाखवता येतो. देशाच्या वीजजाळ्याच्या (ग्रिडच्या) सरासरीने मोजले तर तो आकडा हलतही नाही. २०२० हे आधारवर्ष घेतले असेल तर वाचणाऱ्याने सावध राहावे, कारण त्या वर्षी प्रवास जवळपास थांबला होता आणि माल विमानाने येत होता. उलाढालीच्या प्रमाणात उत्सर्जन घटले, असेही काही जण सांगतात. विक्री वाढली की ते प्रमाण घटते, वातावरणात जाणारा वायू घटेलच असे नाही.

जे स्वेच्छेने मालही मोजतात त्यांना बहुधा खर्चाधारित पद्धत वापरावी लागते, म्हणजे खरेदीचे पौंड गुणिले त्या क्षेत्रात दर पौंडामागे होणाऱ्या उत्सर्जनाचा सरासरी गुणांक. यात भाव वाढला की उत्सर्जन वाढल्यासारखे दिसते. जास्त पैसे मोजून कमी ऊर्जेत बनलेला माल घेणारा कागदावर अधिक प्रदूषक ठरतो.

कंपन्यांची उत्सर्जन कपातीची उद्दिष्टे हवामान विज्ञानाच्या कसोटीवर पडताळणाऱ्या एसबीटीआय या संस्थेचे २०२१ चे निव्वळ शून्य मानक या सरकारी नियमाहून कडक आहे : दीर्घ मुदतीत साधारण ९० टक्के प्रत्यक्ष कपात, तीही स्कोप ३ धरून. एनएचएसच्या मूळ वेळापत्रकातही २०२७ पासून संपूर्ण स्कोप ३, २०२८ पासून प्रत्येक उत्पादनाचा कार्बन हिशेब आणि २०३० पासून प्रगती दाखवणाऱ्यांनाच कंत्राट, असे टप्पे आहेत. उत्पादनाचा हिशेब वितरकाला आपल्या गोदामात बसून मांडता येणार नाही. भट्टीला कोणते इंधन लागले आणि एका खोक्यामागे किती, हे त्याला कारखान्याकडूनच मागावे लागेल.