प्रथिनांची भावकी

भुईमुगाचं झाड उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडली आणि आतून गुलाबी-लाल निघाली तर गाठ कामाला लागली आहे, हवेतला नत्र झाडाला मिळतो आहे, असं समजायचं. हा रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. गाठीतले जिवाणू ज्या एन्झाइमच्या बळावर नत्र पकडतात ते ऑक्सिजन लागला की निकामी होतं. पण श्वसनासाठी त्याच जिवाणूंना ऑक्सिजन हवाही असतो. लेगहिमोग्लोबिन मध्ये बसून ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं.

नावात हिमोग्लोबिन आहे ते उगाच नाही. प्रत्येक प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. या गाठीतली माळ आणि आपल्या रक्तातली माळ शेजारी मांडली तर जेमतेम पाचातलं एक अमिनो आम्ल जुळतं. एवढ्यावर कुणी नातं मान्य करणार नाही. पण दोन्ही माळा पेशीत दुमडून जो आकार घेतात तो पाहा: तशीच मळसूत्रासारखी वेटोळी (अल्फा हेलिक्स), तशाच कोनात एकमेकांवर रचलेली, आणि मधल्या खोबणीत ऑक्सिजन धरणारा, लोह असलेला हीम हा रेणू. केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनची रचना उलगडली, पाठोपाठ मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची. दोन्हींतलं साम्य तेव्हाच डोळ्यांत भरलं होतं. कोट्यवधी वर्षांत अमिनो आम्लं एकेक करून बदलत जातात, घडी मात्र टिकून राहते. प्रथिनांची वंशावळ लावायची तर म्हणूनच आकार बघावा लागतो.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या ७ रचना होत्या. सातांचं वर्गीकरण कोण करतो? पण पुढे आकडा हजारांत गेला आणि नुसता ढीग कामाचा राहिना. १९९५ मध्ये केंब्रिजच्याच अलेक्सी मुर्झिन, स्टीव्हन ब्रेनर, टिम हबर्ड आणि सायरस चोथिया यांनी ‘स्कॉप’ हा डेटाबेस मांडला. त्याची उतरंड अशी: वर्ग, घडी, महाकुल, कुल.

एक पत्ता उलगडून पाहू. लेगहिमोग्लोबिनचा स्कॉपमधला क्रमांक आहे ए.१.१.२. ‘ए’ म्हणजे केवळ अल्फा हेलिक्सचं बनलेलं. पहिला १ ही ग्लोबिनसारखी घडी, दुसरा १ महाकुल, आणि २ हे ग्लोबिनांचं कुल. आपलं हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन याच घरात. शेजारच्या ए.१.१.३ मध्ये फायकोसायनिन आहे. स्पिरुलिना या सूक्ष्मजीवाला निळी झाक देणारं हे प्रथिन ऑक्सिजन वाहत नाही, प्रकाश टिपतं. काम वेगळं, रंग वेगळा, तरी महाकुल एकच. म्हणजे पूर्वज एकच असावा असा निर्णय. याउलट ए.१.२ मधली फेरेडॉक्सिन नावाची काही प्रथिनं: घडी तीच, पण एका पूर्वजाचा पुरावा नाही, म्हणून महाकुल वेगळं.

खरी गोम इथे आहे. घडी सारखी आहे की नाही हे मोजता येतं. एका वंशाची आहे की नाही हे ठरवावं लागतं, आणि मूळ स्कॉपमध्ये ते मुख्यतः माणसाने रचना डोळ्यांखालून घालून ठरवलं. मला यातला हा हातकामाचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

वादाला जागा राहतेच. कोंबडीच्या स्नायूतल्या ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज या एन्झाइमवरून नाव पडलेलं ‘टिम बॅरल’ घ्या: आठ पट्ट्यांचं (बीटा पट्ट्या) पिंप आणि त्याभोवती आठ हेलिक्स. एन्झाइमांमध्ये ही घडी जागोजागी सापडते. स्कॉपने तिच्यात तीसहून अधिक महाकुलं वेगळी काढली. पण ती सगळी एकाच मूळ पुरुषाची, की निसर्गाला हीच सोयीची रचना पुन्हा पुन्हा सापडली? यावर अजून एकमत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्रिस्टीन ओरेंगो, जॅनेट थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘कॅथ’ हा असाच दुसरा डेटाबेस मांडला, त्यात संगणकावर अधिक भिस्त. स्कॉप अल्फा आणि बीटा मिसळलेल्या प्रथिनांचे दोन वर्ग करतो, कॅथ दोन्ही एकत्र टाकतो. एकच प्रथिन दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी कापलेलंही आढळतं, कारण मोठ्या प्रथिनात डोमेन नावाचे स्वतंत्र भाग असतात आणि वर्गीकरण त्यांचं होतं. भाग कुठे संपतो, यावरच दुमत.

स्कॉपच्या २००९ च्या आवृत्तीत ३८ हजारांवर रचनांमधून १,१०,८०० डोमेन निघाले. घड्या भरल्या फक्त १,१९५. निसर्ग किती काटकसरी! पुढे अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने अमिनो आम्लांच्या नुसत्या क्रमावरून रचनेचं भाकीत करायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये अशा २० कोटींवर रचना खुल्या झाल्या. इथे डोळ्यांचं काम संपलं. २०२४ मध्ये लंडनच्याच गटाने संगणकाकरवी त्यांतून ३६ कोटींहून अधिक डोमेन वेगळे काढले.

पण काही प्रथिनं कुठल्याच उतरंडीला जुमानत नाहीत. लिम्फोटॅक्टिन हे आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेतलं प्रथिन. शरीराच्या परिस्थितीतच ते दोन घड्यांमध्ये अदलाबदल करत राहतं: एकात अल्फा आणि बीटा दोन्ही, दुसऱ्यात हेलिक्स उलगडून नुसत्या बीटा पट्ट्या, आणि त्याही जोडीने. अमिनो आम्लांची माळ तीच, पण घडी बदलते, आणि घडीबरोबर वर्गही. उतरंडीत एकाला एकच जागा, त्यामुळे असल्या प्रथिनांची पंचाईत होते. २०१४ मध्ये आलेल्या ‘स्कॉप २’ ने म्हणूनच झाडासारखी एकेरी उतरंड सोडून जाळं पत्करलं. त्यात आकाराची नाती आणि वंशाची नाती वेगवेगळी नोंदवता येतात, आणि एका प्रथिनाला एकाहून अधिक ठिकाणी जोडता येतं.